कासवाचं पिल्लू डोळेच उघडत नाहीये

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मुलाच्या वाढदिवसाला अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून कासवाचं पिल्लू आणलं, पाठ हिरवीगार, कानाजवळ लाल पट्टा, दहाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. सोबत प्लॅस्टिकचा बाऊल ज्यात नारळाचं झाड असतं तो, आणि सुकवलेल्या कोळंबीची डबी. दुकानदार म्हणाला याला काही लागत नाही. दोन महिने मस्त होतं, आता आठवडा झाला डोळे सुजून बंद, खात नाही, एका कोपऱ्यात पडून असतं आणि पाठ कडेला दाबली तर मऊ लागते. दुकानात दाखवलं तर निळं औषध दिलं पाण्यात टाकायला, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात थंडीत कासवं झोपतात, उगाच छळू नकोस. शेजारच्या काकू म्हणतात दूध-पाव दे. मुलगा रोज शाळेतून आल्यावर आधी बाऊलपाशी जातो हो, काय करू?
— एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. कासवं थंडीत झोपतात, पण ती मोठी, धष्टपुष्ट, पोट रिकामं करून चिखलात गेलेली. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला ते जमत नाही. पुण्यात डिसेंबरात रात्री पारा १०-१२ वर येतो, म्हणजे सकाळी त्या बाऊलमधलं पाणी १८-२० डिग्री असणार, आणि या जातीच्या पिल्लाला, रेड इअर्ड स्लायडर म्हणतात याला, पाणी २६ ते २८ लागतं. कासवाचं अंग स्वतः गरम होत नाही, बाहेर जेवढी ऊब तेवढीच आत. अंग गार असलं की भूक लागत नाही, पोटात गेलेलं पचत नाही उलट सडतं, आजाराशी लढायची ताकद राहत नाही आणि दिलेलं औषधही नीट लागू पडत नाही. म्हणून आज घरी पहिलं काम खायला घालणं नाही, डोळ्यात थेंब टाकणं तर नाहीच, पहिलं काम ऊब.

पण त्याच्याही आधी पाच मिनिटं एक गोष्ट बघा. पिल्लाला कोमट पाण्यात सोडा आणि बाजूने बघा, वरून नाही. पोहताना एका बाजूला कलतंय का? नाकातून बुडबुडे येतायत का, मान ताणून तोंड उघडून श्वास घेतंय का? यातलं एक जरी दिसलं तर न्यूमोनिया धरून चाला आणि मासिक बाजूला ठेवून डॉक्टरकडे निघा, आजच, रविवारची वाट बघू नका. तसं काही नसलं तरी दाखवायचं आहेच, पण एक-दोन दिवस हाताशी आहेत.

आता ऊब कशी द्यायची. तो नारळाच्या झाडाचा बाऊल आधी माळ्यावर टाका, मला विचाराल तर तो विकायलाच बंदी हवी, ना त्यात नीट पोहता येतं ना नीट सुकता येतं. घरातला एक पसरट टब घ्या. आजारी पिल्लाला पाणी उथळ हवं, पाठीच्या उंचीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे उभं राहून मान वर केली की नाक बाहेर. एवढ्याशा पाण्यात हीटर बुडत नाही आणि न बुडालेला हीटर तडकतो, त्यामुळे असं करा : एक मोठा टब, त्यात भरपूर पाणी आणि अ‍ॅक्वेरियमचा थर्मोस्टॅटवाला हीटर, मधोमध उलटी पातेली किंवा वीट, आणि त्यावर पिल्लाचा छोटा टब असा ठेवा की खालून नि बाजूने गरम पाणी लागेल. थर्मामीटर आतल्या टबात. हाताने बघून कोमट आहे असं ठरवू नका, आपला हात फसवतो. आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हे मुलालाही सांगून ठेवा.

टबात एका बाजूला पूर्ण कोरडी जागा हवी, सपाट दगड किंवा उतरती फरशी, पिल्लू स्वतः चढू शकेल अशी. तिच्यावर पिवळा ६० वॅटचा जुना बल्ब, एलईडी चालणार नाही कारण तो उजेड देतो ऊब नाही. दगडावर ३२ डिग्रीच्या आसपास येईल एवढ्या अंतरावर बल्ब टांगा, दिवसभर चालू, रात्री बंद.

मग ऊन. पाठ मऊ लागतेय ना, ते कॅल्शियम कमी पडल्याने, आणि कॅल्शियम अंगी लागायला डी जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तयार होतं. काचेतून ऊन येतं पण हे किरण येत नाहीत, त्यामुळे खिडकीच्या आतलं ऊन फुकट. सकाळचं आठ-नऊचं कोवळं ऊन १५-२० मिनिटं, टबाची अर्धी बाजू सावलीत, आणि तुम्ही तिथेच बसा. गॅलरीत ठेवून भाजी फोडणीला टाकायला आत गेलात की कावळा आलाच समजा. फ्लॅटला ऊनच नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी बल्ब मिळतो, पण तो वर्षभरात बदलावा लागतो, दिसायला चालू असला तरी किरण संपलेले असतात. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागा, स्वस्त असतो, वरची टणक बाजू सुरीने खरवडून टाका आणि मऊ पांढरा तुकडा टबात सोडा, भूक आली की कुरतडेल.

डोळ्यांचं सांगते. नुसती सुकी कोळंबी खाऊन वाढलेल्या पिल्लात अशी सूज बहुतेक वेळा ए जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येते, पापणीच्या आतलं अस्तर जाड होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात, डोळा फुगतो, त्यात पाणी घाण असेल तर जंतू वर चढतात. आणि कासव अन्न बहुतांशी बघून शोधतं, दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून कमतरता वाढते. दुकानातलं निळं औषध माशांच्या बुरशीचं असावं, त्याने हे बरं होणार नाही, बंद करा. मेडिकलमधून सलाइन आणा, कापूस भिजवून दिवसातून दोनदा पापणीवर हलकं टेकवा, पुसायचं नाही, पापणी ओढून उघडायची तर अजिबात नाही. आत पांढरा पनीरसारखा गोळा दिसला तर तो पू आहे, कासवाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्टच असतो, तो डॉक्टरच काढतील. घरात उरलेले माणसांचे ड्रॉप टाकू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

आणि आता लगेच डोक्यात येईल की मग ए जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून देऊ का. नको! जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते, एवढ्याशा जिवाचा डोस वजन करूनच ठरतो. वजन घरच्या डिजिटल काट्यावर करा, नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे जा, हसेल पण करून देईल. दर दोन दिवसांनी लिहून ठेवा, उतरत चाललं असेल तर डॉक्टरला तेच सगळ्यात आधी हवं असतं.

डॉक्टर निवडताना फोनवर सरळ विचारा, कासवं बघता का? कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असतात पण कासवाचा अनुभव वेगळा. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन जनावरांना सर्रास देतात, कासवाला ते जिवावर बेतू शकतं, म्हणून कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. पुण्यात तसं कुणी मिळालं नाही तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फोन करून विचारा, मुंबईकर वाचकांना परळ आहेच. नेताना पाण्यात नेऊ नका, डब्याला भोकं पाडा, ओलसर मऊ कापड आणि बाहेरून फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. टबाचा आणि कोळंबीच्या डबीचा फोटो सोबत असू द्या.

खायचं सगळ्यात शेवटी. ऊब दिल्यावर तीन-चार दिवसांनी हालचाल वाढेल, तेव्हा पाण्यातच घाला, ही जात पाण्याबाहेर गिळू शकत नाही. छोटं गांडूळ (फवारणी केलेल्या शेतातलं नको), चांगल्या कंपनीच्या कासवाच्या गोळ्या, कच्च्या मटणाच्या लिव्हरचा तांदळाएवढा तुकडा आठवड्यातून एकदा, पुढे किसलेलं गाजर, लाल भोपळा. दिसत नसेल तर नाकासमोर हलवा, वासाने तोंड उघडतं कधी कधी. दूध-पाव नको, भात नको, पालक नको कारण तो कॅल्शियम अडवतो, आणि घरातलं सुकट-सोडे पण नको, त्यात मीठ असतं बरेचदा. काकूंना माझा नमस्कार सांगा. पाणी रोज बदला, नळाचं एक दिवस भरून ठेवलेलं, आणि टाकताना आतल्या पाण्याइतकंच कोमट.

इंटरनेटवर सांगतात की आजारी कासवाला दिवसभर कोरडं ठेवा. मोठ्यांना काही आजारांत ते करतात, पण पिल्लू लगेच सुकतं, डॉक्टरने सांगितल्याशिवाय करू नका.

मुलाला हात लावू द्या पण नंतर साबणाने हात धुवायचेच, पापी घ्यायची नाही, टब स्वैपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात, त्यानेच लहान मुलं आजारी पडत होती म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे, आणि आपल्याकडे ती वाढदिवसाला देतात! घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी तरी आणू नका म्हणेन.

वाचेल का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण ते कळतं. डोळ्यांचीच भानगड असेल आणि फुप्फुसं ठीक असतील तर वाचायची शक्यता चांगली असते, डोळे उघडायला मात्र दोन-तीन आठवडे लागू शकतात. मुलाला आधीच सांगून ठेवा की ते खूप आजारी आहे. आणि वाचलं तर हेही बघा की मादी असली तर ताटाएवढी होते, २०-३० वर्षं जगते. तेव्हा कंटाळून पाषाण तलावात किंवा देवळाच्या विहिरीत सोडायचं नाही, ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली, आपल्याकडच्या तळ्यात गेली की इथल्या कासवांची जागा नि खाणं बळकावते.

प्रश्न : आमच्या पोफळीच्या बागेत पाट साफ करताना एक छोटं कासव मिळालं, पाठ मऊ आणि गुळगुळीत आहे, वर कवचासारखे चौकोन नाहीत. आजारी असेल म्हणून बादलीत ठेवलंय. कॅल्शियम देऊ का? मुलीला पाळायचंय.
— एक बागायतदार, गुहागर

उत्तर : दादा, ते आजारी नसावं, त्याची पाठ तशीच असते. हळूच उलटं करून बघा, मागच्या पायांवर पडणारी कातडीची दोन झाकणं दिसली तर ते फ्लॅपशेल, आपल्याच तळ्या-पाटांतलं कासव. वरच्या पत्रातल्या कासवाची पाठ मऊ म्हणजे रोग, याची मऊ म्हणजे तब्येत ठणठणीत. बोट मात्र तोंडाजवळ नेऊ नका, चावतं जोरात. पाळता येणार नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि हेच चांदणीसारखी नक्षी असलेल्या स्टार कासवालाही लागू आहे, वास्तुशांतीला म्हणून कुणी भेट दिलं तरी. जखम, रक्त, तडा काही नसेल तर आजच त्याच पाटाच्या कडेला, कुत्री नाहीत असं बघून, मुलीच्या हातूनच सोडा. जखम असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा, ते येईपर्यंत बादलीतलं खोल पाणी काढून तळाला ओलं गोणपाट घाला आणि वर जाळी ठेवा.