काउगर्लला गवळण म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की 'सिंगिंग काउगर्ल'ला, म्हणजे अमेरिकन रेडिओ-सिनेमातल्या गाणाऱ्या बाई-काउबॉयला, मराठीत 'गाणारी गवळण' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. पण ते जे 'लेडी काउबॉय' सारखं कानावर पडतं त्यापेक्षा शंभरपट बरं, उद्या गवळणीला लेडी गवळी म्हणाल!

गवळण म्हटलं की आपल्याला दह्यादुधाचे माठ, मथुरेचा बाजार आणि तमाशातली मावशी दिसते. इथे बाई घोड्यावर आणि हातात दोर. पॅट्सी मोंटाना घ्या, मूळची आर्कान्साची, शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओवर गायची. 1935 मध्ये तिने 'आय वाँट टू बी अ काउबॉइज स्वीटहार्ट' रेकॉर्ड केलं, कंट्री संगीतात बाईच्या आवाजातली दहा लाख खपलेली पहिली रेकॉर्ड हीच म्हणतात. आणि लोक नुसतं नाव वाचून ठरवतात की हिला काउबॉयची मैत्रीण व्हायचंय. अहो गाणं ऐका, तिला दोर टाकायला आणि घोड्यावर बसायला शिकायचंय, आणि मधेमधे जे दणदणीत योडल करते, म्हणजे आवाज झटकन खालीवर उडवत गाते, ते काय लाजणं आहे?

'काउ' आणि आपली 'गो' एकाच मुळातल्या, हे सगळ्यांना माहितीये, सोडा. खरी मजा 'बकारू'त आहे. बकारू म्हणजे काउबॉयच, कॅलिफोर्निया-नेवाडाकडचा. स्पॅनिश 'वाका' म्हणजे गाय, गाई राखणारा तो 'वाकेरो', आणि स्पॅनिशमध्ये व-ब चा उच्चार एकच, म्हणून गोऱ्या अमेरिकनांच्या तोंडी झाला बकारू. आपल्याकडे वनाचं बन झालंच की. तर काही विद्वान हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या 'म्बकारा'शी, म्हणजे गोऱ्या माणसाशी जोडतात. याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. लासो (फाशाचा दोर), रँच (गुरांचा मळा), रोडिओ (गुराख्यांच्या कसरतींचा खेळ), धंद्याची सगळी भाषा मेक्सिकन गुराख्यांकडून उचललेली, लॅरिएट या दोराच्या दुसऱ्या नावात तर 'ला' हे स्पॅनिश उपपदसुद्धा तसंच चिकटून आलंय, आणि काम करणाऱ्याचं नाव तेवढं आफ्रिकेतून आणलं होय?

आता माझं लाडकं. 'वाका' आला लॅटिन 'वाक्का'वरून आणि वेदात गाईला 'वशा' म्हणतात. दोन्ही एकच असं मी मानतो, सगळे कोशकार मानत नाहीत, त्यांची मर्जी. फक्त वशातून वासरू काढू नका प्लीज, वासरू 'वत्सरूप'चं, जसं गुरू 'गोरूप'चं. गुरू म्हणजे शिक्षक नाही हो, गुरं-ढोरं मधलं.

हां, तर काउगर्ल. 1939 च्या सुमारास ग्रँड नॅशनल कंपनीने डोरोथी पेजला 'सिंगिंग काउगर्ल' म्हणून हिरो केलं, तीन सिनेमे काढले आणि लवकरच कंपनीच बुडाली. डेल इव्हान्स मात्र टिकली, टेक्सासची, सिनेमातला गाणारा काउबॉय रॉय रॉजर्स याच्याबरोबर पडद्यावर गायली, 1947 मध्ये त्याच्याशी लग्न केलं आणि दोघांचं ओळखीचं गाणं 'हॅपी ट्रेल्स' तिनेच लिहिलं. हिला 'गाणारी गुराखीण' म्हणा, खुशाल म्हणा. नाहीतर सरळ काउगर्ल लिहा.