‘चंक’चं पुढे काय झालं, आणि बालकलाकाराचा पैसा कोणाचा?

प्रश्न : ‘द गूनीज’ हा हॉलिवूडचा चित्रपट मुलांना दाखवला. त्यातला गुबगुबीत, कायम खाण्याचा विचार करणारा चंक पुढे कुठेच दिसला नाही. तो वकील झाला म्हणतात, खरं का? (सातारा)

खरं आहे. त्याचं नाव जेफ कोहेन. १९७४ साली जन्मलेला हा मुलगा चित्रीकरण सुरू झालं तेव्हा दहा वर्षांचा होता. चित्रपट आला १९८५ मध्ये. सवंगडी त्याला शर्ट वर करून पोट हलवायला लावतात, तो प्रसंग पुन्हा लावून त्याच्या अंगाकडे नीट बघा. कांजिण्यांचे डाग दिसतात. काम हातचं जाईल या भीतीने त्याने आजार लपवला होता. दहा वर्षांच्या पोरावर केवढं दडपण असतं, ते त्या एका दृश्यात कळतं.

वयात येताना अंगकाठी बदलली आणि ‘जाडा मुलगा’ म्हणून मिळणारी कामं आटली. मग तो कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकला, तिथल्या विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष झाला, पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि २००२ मध्ये भागीदारीत बेव्हर्ली हिल्सला स्वतःची फर्म काढली. तो कोर्टात उलटतपासणी घेणारा वकील नाही. कलाकारांच्या वतीने करार ठरवणं हे त्याचं काम. ‘गूनीज’मधला डेटा, म्हणजे की हुई क्वान, अनेक वर्षांनी ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’मधून अभिनयात परतला, तेव्हा त्याचा करार कोहेननेच केला. २०२३ मध्ये ऑस्कर घेताना क्वानने त्याचे नाव घेऊन आभार मानले. चंक म्हणून तो लक्षात राहणारच, पण आमच्या मते त्याची मोठी कामगिरी हीच.

प्रश्न : ‘द वंडर इयर्स’ या अमेरिकन मालिकेतला चष्मेवाला पॉल मोठेपणी मेरिलिन मॅन्सन हा गायक झाला, असं कॉलेजात असताना ऐकलं होतं. (ठाणे)

ती निव्वळ अफवा. पॉलचं काम करणारा जॉश सॅव्हियानो येल विद्यापीठात शिकला आणि न्यूयॉर्कला वकील झाला. याच वाटेने गेलेला आणखी एक म्हणजे चार्ली कॉर्समो, ‘हूक’ या चित्रपटातला पीटर पॅनचा मुलगा. एमआयटीतून भौतिकशास्त्र, येलमधून कायदा, आणि आता क्लीव्हलंडमध्ये कायद्याचा प्राध्यापक.

प्रश्न : अमेरिकेत बालकलाकारांच्या पैशासाठी ‘कूगन कायदा’ आहे म्हणतात. तो काय आहे? आपल्याकडे तसं काही आहे का? (कोल्हापूर)

जॅकी कूगन हा चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला मुलगा. त्याने लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर हिशेब मागितला तेव्हा कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळं खर्चून टाकलंय. १९३८ मध्ये त्याने दावा लावला, तरी हाती जेमतेम सव्वा लाख डॉलर लागले. कारण सरळ होतं : तेव्हाच्या कायद्याने अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाची कमाई आईवडिलांचीच. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, पण त्यात पळवाटा होत्या. २००० पासून त्या बुजवल्या. कमाई मुलाचीच मानली जाते, आणि एकूण मानधनातले १५ टक्के निर्मात्याला थेट मुलाच्या ट्रस्ट खात्यात भरावे लागतात. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत त्याला हात लावता येत नाही.

आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालील कलाकारासाठी ते असे : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, लागोपाठ २७ दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने चित्रीकरणाआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि फॉर्म सी मध्ये हमीपत्र द्यायचं. त्याची मुदत सहा महिने. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस सेटवर हवा. कमाईचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत.

टक्केवारी आपली जास्त, पण कुलूप त्यांचं पक्कं. मुदतठेव मुलाच्या नावावर असली तरी खातं पालक चालवतात, आणि पैसे मुलाच्या हितासाठी हवेत असं लिहून दिलं की बँका ती मुदतीआधी मोडू देतात. इथेच पैसा गळतो. दुसरी फट वयाची : हा नियम चौदापर्यंतचा. मूल पंधरा वर्षांचं असेल तर २० टक्क्यांचं कलम करारात आपणच घालून घ्यायला हवं.

प्रश्न : मुलीला (वय ९) मालिकेत काम मिळालं आहे. करारावर सही कोणाची? काय तपासावं? (पुणे)

मुलीची सही चालत नाही. अज्ञान व्यक्तीचा करार आपल्याकडे रद्दबातल, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. आणि केवळ ‘मुलीच्या वतीने’ असं लिहून तुम्ही सही केलीत म्हणजे भागलं, असंही नाही. १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला नेमका यावरच गेला. अज्ञान नटीसाठी वडिलांनी निर्मात्याशी करार केला होता. निर्मात्याने तो मोडला, तरी भरपाई मिळाली नाही. मुलीचं वचनच कायद्याने पोकळ, म्हणून त्या करारात मोबदला, म्हणजे निर्मात्याच्या वचनाच्या बदल्यात कायद्याने धरता येईल असं काही, उरत नाही, असं न्यायालयाने धरलं. यावर उपाय म्हणून पालक स्वतः पक्षकार व्हावेत. मुलीला ठरल्या वेळी सेटवर आणण्याची हमी तुम्ही द्या, आणि त्या बदल्यात मानधन देण्याची हमी निर्माता देईल. हा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

वेळेचं कलम आकड्यांत लिहून घ्या. सेटवर पाय ठेवल्यापासून तास मोजायचे, मेकअप आणि थांबणं धरून. हे लिहिलं नाही की ‘कॅमेऱ्यासमोर पाच तास’ असा अर्थ काढला जातो आणि पोर दहा तास अडकतं. कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकावर, येण्याची आणि निघण्याची वेळ रोज टिपून प्रॉडक्शन मॅनेजरची सही घ्या. हप्त्यांच्या तारखा, डबिंगचे आणि प्रसिद्धीचे वेगळे दिवस, काम अर्ध्यात थांबलं तर किती पैसे, हेही आधीच ठरवा. परवानगीची प्रत मागा. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर पहिल्या दिवशी मुलीला पाठवू नका.

प्रश्न : मुलाच्या मानधनावर कर कोण भरतो? (नाशिक)

मूल स्वतः. अज्ञान मुलाचं उत्पन्न सहसा पालकांच्या उत्पन्नात धरतात, पण मुलाने स्वतःच्या कलेने, कौशल्याने मिळवलेलं उत्पन्न त्याला अपवाद आहे. मात्र त्या पैशावरचं व्याज अपवादात बसत नाही. ते आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरलं जातं. इथे भलेभले चुकतात.

मुलाचं पॅन आधी काढा. ते अज्ञानाचंही निघतं, फक्त कार्डावर फोटो नसतो. निर्मात्याकडे स्वतःचा पॅन दिलात तर कापलेला कर तुमच्या नावे दिसतो आणि मुलाचा परतावा अडकतो. पॅन दिलाच नाही तर कपात दुप्पट. मानधन १,२०,००० असेल तर १० टक्क्यांनी १२,००० कापले जातात आणि ठेवीचे होतात २४,०००. ही टक्केवारी कापणीआधीच्या रकमेवर धरा. उरलेले ८४,०००सुद्धा मुलाचेच आहेत. त्यातून त्याची फी, प्रवास भागवलात तर पावत्या ठेवा. विवरणपत्र मुलाच्या नावाने, पालकाच्या सहीने भरायचं.

करार, कॉलशीट, ठेवीच्या पावत्या मूल २१ वर्षांचं होईपर्यंत टाकू नका. थकलेल्या पैशासाठी त्याला स्वतः दावा लावायचा झाला तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. अठराव्या वाढदिवसानंतर पालकांची सही खात्यावर चालत नाही, तेव्हा त्याच महिन्यात त्याला बँकेत नेऊन नव्याने केवायसी करून घ्या आणि पॅनवर फोटो-सही चढवा.