वीस तारखेनंतरचे दिवस

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता दोन्ही वाचले. घरात दोघं कमावता, उधळपट्टी म्हणावी असं काही नाही, तरी वीस तारखेनंतर खात्यातली शिल्लक बघायची भीती वाटते. तीनदा अंदाजपत्रक केलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यातच मोडलं. तक्ता देखणा झालाय यात शंका नाही. पण बाहेर खाण्यासमोर शून्य, कपड्यांसमोर शून्य, 'इतर'समोर शून्य! असा महिना कुणाच्याच घरात येत नाही. जगायची इच्छा कशी आहे ते तू लिहिलंस, जगणं लिहायचं राहिलं.

तर हा तक्ता बाजूला ठेव आणि गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढ. प्रत्येक खर्चासमोर पेन्सिलीने खातं लिही: घरभाडं, किराणा, प्रवास, औषधपाणी, असं. आठ-दहा खात्यांच्या वर जाऊ नकोस. पंचवीस खाती करणारी माणसं मी पाहिली आहेत, दुसऱ्या महिन्यात वही कपाटात जाते. या वेळी स्वतःला बोल लावत बसायचं नाही, फक्त बेरीज करायची.

आता मुख्य गोष्ट. तुझं अंदाजपत्रक रोजच्या चहा-कॉफीने मोडत नाही, लोक काहीही म्हणोत. दर महिन्याला न येणाऱ्या खर्चांनी ते मोडतं. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, चष्मा, दाताचं काम, लग्नाकार्यातले अहेर, गावाला जाणं-येणं. यातला प्रत्येक खर्च आला की आपण म्हणतो, 'हा महिना जरा वेगळा होता.' तुझ्या पत्रातही हे वाक्य दोन ठिकाणी आहे. बारा महिन्यांपैकी नऊ-दहा महिने असे वेगळेच असतात, म्हणून अशा सगळ्या खर्चांची वर्षाची यादी कर आणि बेरजेला बाराने भाग. समज, ही बेरीज घरातल्या दीड महिन्याच्या मिळकतीइतकी भरली, तर दर महिन्याला मिळकतीचा आठवा हिस्सा या कामासाठी वेगळा पडायला हवा. तुझ्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. हा हिस्सा पगार जमा होताच दुसऱ्या खात्यात जाऊ दे, नाहीतर तो शिल्लक वाटतो आणि खर्चला जातो.

अशीच एक चूक महिन्याच्या हिशोबात दडलेली असते. आठवड्याचा खर्च गुणिले चार केलं की महिना झाला, असं तू धरलं आहेस. तसं धरलं तर वर्षाचे 48 आठवडे होतात, असतात मात्र 52. त्या चार आठवड्यांचा किराणा कुठून तरी येतोच, बहुधा क्रेडिट कार्डातून. म्हणून किराणा आणि वरखर्च यांचा हिशोब आठवड्याने ठेव, महिन्याने नको. ठरलेल्या वारी पैसे काढायचे, पुढच्या त्याच वारापर्यंत ते पुरवायचे.

तू विचारलेलं 50-30-20 चं सूत्र, म्हणजे हातात येणाऱ्या पगारातले निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला आणि कर्जफेडीला, 2005 नंतर फार लोकप्रिय झालं. मापायला फूटपट्टी म्हणून ते ठीक आहे. पण भाडं आणि हप्तेच पासष्ट टक्के खात असतील तर त्या सूत्राने अपराधी वाटण्यापलीकडे काही होणार नाही.

एकेका खर्चाची ठरलेली रोख वेगवेगळ्या पाकिटांत घालून ठेवायची, या रीतीबद्दल तुला शंका आहे, सगळं फोनवर होत असताना पाकिटं कशाला. शंका रास्त आहे, आणि सगळंच रोखीत कर असं मी म्हणतही नाही. भाडं, वीज, हप्ते, विमा हे पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होऊ देत, तिथे मोह नसतो. रोख ठेवायची ती जिथे हात सैल सुटतो तिथे. बाहेरचं खाणं, किरकोळ खरेदी, आपापला हातखर्च. अशी तीन-चार पाकिटं पुरेत. नोट हातातून जाताना थोडं लागतं, आणि त्या लागण्याचाच उपयोग करायचा असतो. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांचा 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव केला. ज्यांना कार्डाने पैसे द्यायला सांगितलं होतं त्यांनी सरासरी बोली लावली ती रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त. बोली लावणारे व्यवस्थापन शिकणारे विद्यार्थी होते! एका प्रयोगावरून सगळं जग ठरवू नये, पण स्वतःच्या स्टेटमेंटमधल्या रात्री दहानंतरच्या खरेद्या एकदा पाहा.

नोटा शक्यतो मोठ्या ठेव. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी 2009 मध्ये दाखवलं की तेवढीच रक्कम सुट्ट्यात असली तर माणूस ती सहज खर्चतो, एकच मोठी नोट असली तर मोडायला कचरतो. हे तुलाही माहीत असणार, नोट एकदा मोडली की संध्याकाळपर्यंत उरत नाही.

रोखीची एक खोडी मात्र आहे, ती मागे नोंद ठेवत नाही. स्टेटमेंटवर 'एटीएम' एवढंच दिसतं. त्यासाठी प्रत्येक पावती जपायची गरज नाही. पैसे काढले की पाकिटावर शिल्लक लिहायची, बस. पाकीट आठवडा संपण्याआधी रिकामं झालं तर दुसऱ्या पाकिटातून घे, पण एटीएमकडे वळू नकोस, आणि घेतलेलं दोन्ही पाकिटांवर लिही. एकच पाकीट लागोपाठ तीन महिने आटलं तर त्याचा आकडा वाढव आणि तेवढा दुसरीकडून कमी कर. तिथे आकडा खोटा होता, तुझा निग्रह कमी पडला असं समजू नकोस.

पाकिटांत पैसे वाटण्याला एक काळी बाजूही आहे. रिचर्ड थेलर यांनी, ज्यांना 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मांडलं: माणूस मनातल्या मनात पैशाला लेबलं लावतो, आणि मग एका लेबलाचा पैसा दुसऱ्याला हात लावत नाही. तुझ्याकडे हेच चाललंय. सहलीसाठी वेगळी रक्कम साठते आहे आणि त्याच वेळी कार्डाची थकबाकी महिन्याला 3 टक्क्यांनी वाढते आहे. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. सहलीच्या बचतीवर तुला इतकं व्याज जगात कुणी देणार नाही. आधी कार्ड फेड. अडीनडीला म्हणून महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेव, उरलेलं सगळं तिकडे जाऊ दे. सहल पुढच्या वर्षी.

घरात दोघं आहात म्हणून एक सांगते. दोघांच्या हातखर्चाची पाकिटं वेगळी असू देत आणि त्यांचा हिशोब एकमेकांना मागायचा नाही, कधीच नाही. रक्कम लहान असली तरी चालेल. 'हे कशाला घेतलंस' या प्रश्नाने घरात जेवढी भांडणं होतात तेवढी मोठ्या कर्जांनीही होत नसतील असा माझा समज आहे. महिन्याचा आढावा पगाराच्या आदल्या दिवशी घ्या, अर्ध्या तासात उरका, आणि दमून आलेल्या संध्याकाळी तर मुळीच नको.

पहिला महिना जुळणार नाही, दुसराही कदाचित नाही. तिसऱ्या महिन्यानंतर मला कळव. वही पाठवू नकोस, ती तुमची खाजगी. वर्षाच्या खर्चांची यादी तेवढी पाठव, त्यातलं काय सुटलंय ते मी बघते. औषधपाणी आणि घरातल्या यंत्रांची दुरुस्ती, या दोन ओळी बहुतेक सगळेच विसरतात.

तुझी,
मावशी