‘ओल्ड’ म्हणजे म्हातारा, मग सहा वर्षांच्या मुलालाही ‘सिक्स इयर्स ओल्ड’ का म्हणतात?

अगदी हाच प्रश्न मला माझ्या भाचीने विचारला होता. वहीत ‘आय अ‍ॅम सिक्स इयर्स ओल्ड’ असं लिहिताना तिने शेवटचा शब्द खोडून टाकला. म्हणाली, “मावशी, मी कुठे म्हातारी आहे?” तेव्हा मी ‘तसंच म्हणतात गं’ म्हणून वेळ मारून नेली. पण ते मनाला लागून राहिलं, म्हणून मग त्या शब्दाचं मूळ शोधत बसले.

तर ‘ओल्ड’चा मुळातला अर्थ म्हातारा नाहीच. तो आहे ‘वाढलेला’. जर्मनमध्ये हाच शब्द ‘आल्ट’ असा आहे. त्याच्या मागचा प्राचीन धातू ‘अल्’, म्हणजे वाढणे, पोसणे. लॅटिनमधलं ‘आलेरे’ (पोसणे) याच धातूचं, आणि त्याच कुळातले ‘अ‍ॅडोलसंट’ व ‘अ‍ॅडल्ट’. पहिला म्हणजे अजून वाढत असलेला, दुसरा म्हणजे वाढून झालेला. घटस्फोटानंतरची ‘अ‍ॅलिमनी’सुद्धा तिथूनच आली. आपल्या ‘पोटगी’तही पोसणंच आहे, नाही का?

म्हणजे ‘सिक्स इयर्स ओल्ड’ म्हणजे सहा वर्षं वाढलेली. जुन्या इंग्रजीत तर वय हिवाळ्यांत सांगत, ‘बारा हिवाळ्यांचा’ असं. आपलं ‘वर्ष’ही पावसाशीच जोडलेलं आहे.

मला खरा आनंद झाला तो पुढे. आपला ‘वृद्ध’ कुठून आला? ‘वृध्’ म्हणजे वाढणे, त्यातून. वृद्धी, वाढ, वाढदिवस सगळे एकाच घरातले. दोन वेगळे धातू, पण विचार तंतोतंत तोच! ‘म्हातारा’ तर ‘महत्तर’पासून आला, म्हणजे अधिक मोठा, मानाचा. झिजण्याची कल्पना आहे ती ‘जुना’मध्ये, कारण त्याचं नातं ‘जीर्ण’शी आहे. म्हणून आपण माणसाला म्हातारा म्हणतो आणि घराला जुनं. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच ‘ओल्ड’ पुरतो, आणि ‘माझी पूर्वीची शाळा’ म्हणायलाही तोच. ‘ओल्ड फ्रेंड’ म्हणजे जुना मित्र, मग तो वीस वर्षांचा का असेना.

‘सीनियर’ची वंशावळ वेगळी. लॅटिन ‘सेनेक्स’ म्हणजे खरोखरच म्हातारा. सीनियर, सेनेट आणि आपण दिवसभर म्हणतो ते ‘सर’ हे सगळे त्याच मुळातले. संस्कृत ‘सन’ (जुना) आणि ‘सनातन’ हेही त्यांचे नातेवाईक.

आणखी एक सांगते, कारण ही चूक फार होते. ‘एल्डर’ हे ‘ओल्ड’चंच तुलना दाखवणारं (‘अधिक वयाचा’) प्राचीन रूप. ‘लाँग’चं ‘लेंग्थ’ होताना स्वर बदलतो, तसाच इथेही बदलला. ‘ओल्डर’ हे रूप नंतर साध्या नियमाने घडलं आणि ‘एल्डर’ मुख्यतः घरातल्या नात्यांपुरता उरला. त्यामुळे ‘माय एल्डर ब्रदर’ बरोबर, पण ‘ही इज एल्डर दॅन मी’ नको. तिथे ‘ओल्डर दॅन’च लिहा.