शंका-समाधान : मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आणि नोंदणीचे क्रेडिट पॉइंट

प्रश्न : कळव्यात माझा दवाखाना असून सकाळ-संध्याकाळच्या ओपीडीमुळे रविवारच्या सीएमईंना (निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांना) जाणे जमत नाही. पुढच्या वर्षी नोंदणीचे नूतनीकरण आहे. एका अमेरिकी संकेतस्थळावर मोफत अभ्यासक्रम करून मी चाळीस क्रेडिट मिळवले आहेत. ते महाराष्ट्र वैद्यक परिषदेत धरले जातील का? – एक जनरल प्रॅक्टिशनर, कळवा

उत्तर : डॉक्टरसाहेब, ते आपोआप धरले जातील असे गृहीत धरून कृपया थांबू नका. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांनी प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान 30 तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. परंतु ते कोणाकडून घेतलेले असावे, हेही तिथेच सांगितले आहे, म्हणजे मान्यवर व्यावसायिक शैक्षणिक संस्था किंवा अधिकृत संघटना. आपल्या राज्यात या शिक्षणाचे क्रेडिट पॉइंट देण्याचे काम परिषद करते आणि आयोजक संस्थेने आधी अर्ज करून मान्यता घेतलेली असेल, तरच उपस्थितांच्या खात्यात ते जमा होतात. तुमच्या प्रमाणपत्रांवर बहुधा ‘एएमए पीआरए कॅटेगरी वन’ असे छापलेले असेल. ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची 1968 पासूनची पद्धत आहे, तीत साधारण साठ मिनिटांच्या अभ्यासाला एक क्रेडिट मिळते आणि तिचा उपयोग मुख्यतः तिथल्या राज्यांच्या परवान्यांसाठी होतो.

तेव्हा आजच परिषदेकडे लेखी विचारणा करा, आणि उत्तराची वाट पाहत असतानाच इथले मान्यताप्राप्त कार्यक्रम सुरू करा. व्यावसायिक संघटनांचे काही वेबिनारही मोफत असतात. नाव नोंदवण्यापूर्वी निमंत्रणपत्रिकेवर परिषदेच्या मान्यतेचा आणि पॉइंटच्या संख्येचा उल्लेख आहे ना, एवढे पाहा. तो नसेल तर आयोजकांना फोन करून विचारण्यात संकोच करू नका. पाच वर्षांत तीस म्हणजे वर्षाला सहा. हे ओझे मुळीच जड नाही. ते जड होते शेवटच्या वर्षी, एकदम उचलावे लागते म्हणून.

मात्र तुमचे चाळीस क्रेडिट वाया गेले, असे मी कदापि म्हणणार नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी नौपाड्यातला माझा दवाखाना बंद करून रात्री अकराच्या सुमारास मी असाच एक डेंग्यूचा मोफत पाठ उघडला होता. रुग्णाचा ताप चौथ्या दिवशी उतरलेला, घरचे निर्धास्त, प्लेटलेट ऐंशी हजार, पोटात दुखते आहे, उलट्या थांबत नाहीत आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, चढते आहे. आता काय कराल, असा प्रश्न होता. मी प्लेटलेट चढवण्याच्या पर्यायावर बोट ठेवले आणि उत्तर चुकले. ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवून हिमॅटोक्रिटवर नजर ठेवत सलाइन मोजून द्यावे लागते. रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून प्लेटलेट देण्याने लाभ होत नाही. हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते, पण वीस वर्षांच्या धावपळीत ते मागे पडले होते. त्या पाठाचा एकही पॉइंट माझ्या खात्यात जमा नाही. तरीही, ताप उतरलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी परत बोलावून पोटाला हात लावून पाहण्याची सवय मला त्या रात्रीपासून लागली.

प्रश्न : मोफत वेबिनारचा खर्च बहुतेक वेळा औषध कंपनी करते. मग त्यातल्या माहितीवर विश्वास कितपत ठेवावा? – एक बालरोगतज्ज्ञ, पाचपाखाडी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. खर्च कोणी केला आणि वक्त्याचे कोणत्या कंपनीशी आर्थिक संबंध आहेत, हे पहिल्या एक-दोन स्लाइडवर लिहिलेले असायला हवे. ते नसेल तर प्रश्नोत्तरांच्या वेळी स्पष्ट विचारावे. नव्या औषधाची तुलना जुन्या, स्वस्त औषधाशी केली आहे की केवळ प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी), आणि व्याख्यानभर औषधाचे मूळ नाव येते की एकाच ब्रँडचे, या दोन गोष्टी लक्षात घेतल्या तरी कार्यक्रमाचा रोख कळतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची नवी आचारसंहिता लागू केली. अशा शैक्षणिक कार्यक्रमांतील कंपन्यांच्या सहभागावर तीत मर्यादा आहेत आणि ते परदेशात भरवण्यास मनाई आहे. लस, प्रतिजैविके यांसारख्या विषयांत मी स्वतः जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत अभ्यासक्रम आधी पाहतो आणि प्रायोजित व्याख्यान नंतर ऐकतो.

प्रश्न : मी परिचारिका आहे. डॉक्टरांसाठीच्या मोफत वेबिनारला मी बसले, तर ते तास माझ्या नूतनीकरणाला चालतील का? – एक वाचक, वाशी

उत्तर : ताई, तुमची नोंदणी नर्सिंग परिषदेकडे आहे, त्यामुळे वैद्यक परिषदेने दिलेले पॉइंट तुमच्या हिशेबात येतीलच असे नाही. नर्सिंग परिषदेची मान्यता असलेलाच कार्यक्रम निवडा आणि नाव नोंदवताना नोंदणी दाखल्यावर आहे तेच नाव जसेच्या तसे लिहा. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर दाखल्यावरील नावाची दुरुस्ती आधी करून घ्या.