मादी ऐकते पण भलतीकडेच वळते? आधी मेण बघा

कागलच्या विद्यार्थ्याची अडचण अशी: थर्माकोलच्या गोळ्यावर धरलेली रातकिड्याची मादी स्पीकरवर नराचं गाणं सुरू होताच चालू लागते, पण ते डावीकडून येतंय की उजवीकडून हे तिला कळत नाही. मादी पूर्ण वाढलेली आहे, हे धरून चालतो.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते मेण. मादीला धरायची काडी पाठीच्या ढालीवर चिकटवताना ते कडेने ओघळतं आणि ढालीच्या काठाखालचं श्वासरंध्र बुजतं. कान पुढच्या पायांच्या नळीवर आहेत म्हणून सगळे पायच तपासतात. पण आवाज कानाच्या पडद्यावर बाहेरूनही येतो आणि दोन्ही बाजूंच्या श्वासरंध्रांतून श्वासनलिकेने आतूनही. 4.8 किलोहर्ट्झची लहर सुमारे 7 सेंटिमीटरची, त्यामुळे एवढ्याशा अंगाची सावली दोन कानांत जेमतेम एक-दोन डेसिबलचा फरक पाडते. खरा फरक आतल्या-बाहेरच्या दाबाच्या वजाबाकीतून येतो. पलीकडचं रंध्र बंद झालं की ऐकू येतं, दिशा हरवते. मेंदूला दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या वक्षखंडातल्या चेतागुच्छात (चेतापेशींच्या गाठीत) ओमेगा न्यूरॉन या चेतापेशींची जोडी असते. ज्या बाजूचा कान जास्त वाजतो, तिकडचा न्यूरॉन पलीकडच्याला दाबतो आणि फरक वाढवतो. मुळात फरकच पोचला नाही तर तो वाढवणार काय?

एका संस्थेच्या छापील कृतीत 'भरपूर मेण लावा' एवढंच आहे, रंध्राचा उल्लेखही नाही. असले कागद वाटणाऱ्यांनी एकदा स्वतः भिंगाखाली बघावं. मेणाचा ठिपका मोहरीएवढा, ढालीच्या मधोमध. नंतर दोन्ही कडा तपासायच्या.

मेण ठीक असेल तर सूर तपासा. ही वजाबाकी गाण्याच्या मूळ सुराजवळच नीट जुळते. सूर बराच हलवला तर मादी ठामपणे चुकीच्या कोनात जाते. मे महिन्यातलं रेकॉर्डिंग जुलैत वाजवू नका. हवा गार झाली की गाण्यातल्या ठोक्यांचा वेग उतरतो आणि मादीची पसंतीही. फरशीच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगा, प्रतिध्वनी मरतो.

न्यूरॉनचे संकेत इलेक्ट्रोडने टिपायचं मात्र जाणकाराशेजारी बसूनच शिका, वाचून जमत नाही.

शेवटी दोन्ही स्पीकरांच्या जागा बदलून बघा. मादीचा ओढा त्याच बाजूला राहिला तर घोटाळा किड्यात किंवा खोलीत. स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकरमध्ये.