५० मीटरवर ग्रुप फाकतो, काय करू?

सिंगल-शॉट पॉइंट बावीस (दर वेळी एकच गोळी भरायची .२२ रायफल), प्रोन पोझिशन (पालथं झोपून नेम धरणं), आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका, विखुरतो, असं विचारलंयस. रायफलीवर शंका घेण्याआधी एवढं कर: नेम धर, डोळे मिट, दोन श्वास घे, डोळे उघड. नेम बाजूला सरकलेला दिसला तर हातानं ओढू नकोस, डाव्या कोपरावर अख्खं अंग फिरव. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे. जोर लावून धरलेली नळी तिथं टिकत नाही. दर गोळी भरताना गाल उचलतोस, तो पुन्हा त्याच जागी टेकायला हवा. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये प्रोनमध्येच जगज्जेत्या झाल्या, म्हणून या पोझिशनवर माझा विशेष जीव! मग रायफल टेकूवर ठेवून वेगवेगळ्या लॉटची (एका खेपेत बनलेली) काडतुसं झाडून बघ. एकाच कंपनीच्या दोन लॉटांतही फरक पडतो.